लाल धुळीतला बदकवाला

आमच्या गल्लीत कुणाची बायको निघून गेली तर लोक दोन दिवस बोलायचे आणि मग विसरायचे. छुनवान गावात तेव्हा कापडाच्या गिरण्या जोरात होत्या, रात्रंदिवस पाळ्या चालायच्या आणि माणसं एकमेकांना नको तितकी भेटायची. पण बदकवाल्या बिंगची बायको कुणाबरोबर गेली नाही. ती भर सकाळी, हातात एक गाठोडं घेऊन, शेजारपाजाऱ्यांचा निरोप घेऊन, डोंगरावरच्या भिक्खुणींच्या आश्रमात राहायला गेली. बिंगला हेच सोसलं नाही.

माझं काढ्याचं दुकान त्याच्या दुकानाला लागून. मधे एक विटेची भिंत. त्याच्या भट्टीची ऊब माझ्याकडे यायची आणि माझ्या काढ्याचा कडू वास त्याच्याकडे जायचा. माझा नवरा लवकर गेला, तेव्हापासून दुकान मी एकटीच बघायचे. बिंग मला 'कू वहिनी' म्हणायचा, मी त्याला 'बिंगदादा'.

माणूस ठेंगणा, मानेने जाड, हातांवर भट्टीचे जुने डाग. त्याच्या काचेच्या कपाटात आकड्यांना बदकं टांगलेली असायची, तांबूस, चकचकीत, आणि दुपारी त्यांच्यासाठी रांग लागायची. जुगार नाही, दारू नाही, बायकोवर हात नाही. एकच गोष्ट होती, तो जळायचा. त्याची बायको लानफोंग गल्ल्यावर बसायची. एखादं गिऱ्हाईक तिच्याशी दोन वाक्यं जास्त बोललं की त्याच्या पुडक्यात बदकाची मान पडायची नाही. समोरचा खाऱ्या माशांचा दुकानदार तिला पाहून सकाळी हसायचा, म्हणून बिंगने वर्षभर आपल्या दारात बांबूचा पडदा लावून ठेवला होता. लानफोंग दिसायला काही फार नव्हती. चेहरा लांबट, डोळे कायम थकलेले. तिला या जळण्याचं कौतुकही नव्हतं आणि रागही नव्हता. मला मात्र होतं. माझा नवरा माझ्यासाठी कधी कुणावर साधा खेकसलाही नव्हता. बिंगचा तो पडदा बघून मला लानफोंगचा हेवा वाटायचा, हे खरं.

बिंगची आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून लानफोंगने तिचं सगळं केलं. रात्री चार-चारदा उठायची, आणि उजाडायच्या आधी भट्टी पेटवायला परत उठायची. म्हातारी आमच्या पंचांगातल्या वाघाच्या वर्षी गेली. तिच्यासाठी दर सातव्या दिवशी पाठ करायला डोंगरावरच्या चिंगवान आश्रमातून भिक्खुणी यायच्या. त्यांच्यात एक होती मुन. रुंद हाडाची, पुढचा दात तुटलेली, आधी गिरणीत कामाला होती आणि आता आश्रमाचा स्वयंपाक बघायची. पाठ संपला की ती लानफोंगबरोबर मोरीपाशी बसून भांडी घासायची आणि काहीबाही बोलायची. तिथेच मी लानफोंगला पहिल्यांदा आवाज करून हसताना ऐकलं.

पाठ संपले, पण लानफोंगचं वर जाणं संपलं नाही. आधी अमावास्या-पौर्णिमेला, मग मधल्या दिवशीही. मांस सोडलं. बदकं कापणाऱ्याच्या घरात तिचा वाडगा वेगळा झाला. आणि एके संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं की मला वरच राहायचंय.

बिंग आधी हसला. मग म्हणाला, "कोण आहे तो?"

"कोणी नाही."

"वर डोंगरात कोणी नसताना कोण राहतं?"

तिने भात संपवला आणि वाडगा धुवायला उठली. हे सगळं दुसऱ्या दिवशी त्यानेच मला सांगितलं, माझ्याकडचा चोवीस मुळ्यांचा काढा एका दमात पिऊन. तो काढा मी स्वतः साखर घातल्याशिवाय पिऊ शकत नाही.

त्याच आठवड्यात तो तिच्या मागे गेला. दुकान मुलाच्या, हिनच्या, हवाली केलं आणि वरच्या पायऱ्यांवरून ती दिसेनाशी होईपर्यंत थांबून मग चढला. आश्रमाच्या मागे बांबूचं बन आहे, तिथे दडून राहिला. त्याला वाटलं होतं कुणी माळी, कुणी हमाल, कुणी तरणा पुजारी निघेल. दुपारपर्यंत डास चावून घेतले. दिसलं काय, तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्याची बायको आणि ती दातपडकी मुन समोरासमोर बसून सोयाबीनच्या दुधाच्या सुकवलेल्या सायी सुट्या करत होत्या. मुन काहीतरी म्हणाली आणि लानफोंग इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

खाली आला तो थेट माझ्याकडे.

"पुरुष असता तर बरं झालं असतं, वहिनी," तो म्हणाला. "पुरुषाचे दात पाडता येतात. हिचा तर आधीच पडलेला आहे."

मी म्हटलं, "बिंगदादा, काढा कशाला मागता? तुम्ही व्हिनेगरच पिऊन आलायत."

आमच्याकडे जळणाऱ्याला व्हिनेगर प्यायला असं म्हणतात. तो हसला नाही.

आणि मग ती गेलीच. प्रपंचाला आमच्यात लाल धूळ म्हणतात. जुन्या शहरांच्या रस्त्यांवर गाड्याघोड्यांनी उडवलेली धूळ, ती. घरदार सोडून जो मठात जातो त्याने लाल धूळ झटकली, तिच्या पलीकडे पाहिलं, असं लोक मान देऊन म्हणतात. लानफोंगबद्दलही गल्ली तसंच म्हणायला लागली. भाजीवाल्या बायका तिचं नाव काढताना आवाज खाली आणायच्या. बिंगला ते ऐकवायचं नाही. "धूळ तिने झटकली," तो म्हणायचा, "पण ती पडली माझ्या डोक्यावर."

काही महिन्यांनी आश्रमातून निरोप आला. लानफोंगला डोकं भादरून दीक्षा घ्यायची होती, आणि विवाहित बाईला नवऱ्याच्या होकाराशिवाय दीक्षा मिळत नाही. बिंग मला सोबत घेऊन गेला. म्हणाला, "माझी जीभ वर गेल्यावर अडकते, तुम्ही बोला." प्रत्यक्षात बोलला सगळं तोच.

थोरल्या भिक्खुणी म्हाताऱ्या होत्या, आवाज बारीक. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "तुमची संमती आहे का?"

"नाही."

"कारण सांगाल?"

"ती माझी बायको आहे. मी अजून जिवंत आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग ती केस ठेवून राहील. कामात मदत करेल. इथे अशा पुष्कळ बायका आहेत."

बिंग वाट बघत राहिला. त्याला वाटलं होतं त्या समजावतील, रागावतील, निदान काही सूत्रं तरी ऐकवतील. त्यांनी त्याच्या पेल्यात परत चहा ओतला. लानफोंग दाराशी उभी होती, वेणी पुढे घेऊन. तिचा चेहरा पडला नाही की फुलला नाही. उतरताना तो अर्ध्या वाटेत थांबला.

"पाहिलंत? भांडलीसुद्धा नाही. माझ्याशी भांडायला तिला आता वेळ नाही."

त्यानंतर दर सुट्टीला त्याचं वर जाणं सुरू झालं. प्रत्येक वेळी कारण वेगळं. तिची रजई राहिली, तिचं सांधेदुखीचं तेल राहिलं, हिनच्या लग्नाचं विचारायचंय. अंगाला बदकाचा वास म्हणून भिक्खुणी त्याला आधी नळावर हात धुवायला लावायच्या, तेही सोसायचा. खाली येऊन मला सगळं सांगायचा, आणि सांगताना त्याचं कपाळ लाल व्हायचं. ती आश्रमातल्या मांजराला हाताने भरवते. ती सकाळी अंगण झाडताना गुणगुणते. मुनच्या गुडघ्याला ती मालीश करते. "माझ्या आईचं करून हात थकले म्हणायची," तो म्हणाला, "आणि आता परक्या बाईचे गुडघे चोळते."

एकदा लानफोंगने खाली येणाऱ्या कुणाबरोबर मला मोहरीच्या पाल्याच्या लोणच्याची बरणी पाठवली. मी ती फळीवर ठेवली. बिंग आला, बरणी बघितली, तिच्या झाकणावरची गाठ बघितली.

"ही तिची गाठ आहे."

"हो. लोणचं पाठवलंय."

"तुम्हाला?"

"मला."

"मला काही दिलंय?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्याने बरणी काखेत मारली आणि तो निघून गेला. मी अडवलं नाही. संध्याकाळी हिन रिकामी बरणी परत घेऊन आला, धुऊन पुसून. म्हणाला, "काकू, बाबांनी एका बसणीत संपवलं. आता पोट धरून पडलेत."

मला त्या रात्री लोणच्याचं वाईट वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. एखादी बाई डोंगरावर जाऊन बसते आणि खाली एक माणूस तिच्या खारट पाल्यासाठी पोट बिघडवून घेतो. मी डोंगरावर गेले असते तर खाली काय झालं असतं, हे मला चांगलं माहीत होतं. फार तर लोक दुसरीकडून काढा प्यायले असते.

दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, क्वानयाम देवीचा उत्सव आला. त्या दिवशी सगळं छुनवान डोंगर चढतं आणि आश्रमात जेवतं. गल्लीत आधीपासून बोलणं होतं की या वर्षी लानफोंगने सोयाबीनच्या सायींचं 'बदक' केलंय आणि ते खऱ्याला मागे टाकतं. खाऱ्या माशांच्या दुकानदाराने मुद्दाम बिंगच्या दारात उभं राहून सांगितलं, "बिंग, वर जाऊन जरा शिकून ये. मांस नाही तरी काय चव."

बिंग गेला. मीही गेले. लांब बाकांवर माणसं दाटीने बसली होती. आमच्यासमोर ताट आलं. सायीचे थर घडी घालून, वाफवून, तळून, वर तांबूस चकाकी. बिंगने एक तुकडा तोंडात टाकला आणि चघळायचा थांबला. त्याच्या मानेची शीर वर आली.

"हा माझा मसाला आहे," तो म्हणाला.

मलाही कळलं होतं. आंबवलेल्या लाल टोफूचा, संत्र्याच्या सुक्या सालीचा, आणखी कसला कसला तो वास वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून येत होता. तो उठून सरळ स्वयंपाकघरात गेला आणि मी मागोमाग. आत वाफ भरलेली. लानफोंग कढईपाशी, मुन पाटावर बसून भाजी चिरत होती.

"माझ्या बापाचा मसाला तू इथे वाटलास?"

"मीच कालवत होते ना इतकी वर्षं," लानफोंग म्हणाली. "हाताला तोच येतो."

"मला विचारायचं नाही?"

मुनने सुरी खाली ठेवली. "बदकवाले दादा, मसाल्यासाठी आलात का? डबाभर बांधून देते. भांडायचं असेल तर जरा बाजूला सरका, वाफ लागेल."

"तुम्ही मधे बोलू नका. तुमच्यामुळेच हे झालंय."

मुन उठली, भाजीची टोपली उचलली आणि बाहेर गेली. जाताना लानफोंगच्या खांद्याला तिने नुसतं बोट लावलं. बिंगने ते बघितलं. मीही बघितलं.

"माझ्यात काय कमी होतं, ते एकदा सांग," तो म्हणाला. आवाज आता खाली आला होता. "मी मारलं? उपाशी ठेवलं? दुसरी आणली?"

लानफोंगने कढई आचेवरून उतरवली. विचार करून बोलावं तशी बोलली.

"तू बरा होतास. तुझ्यात काही कमी नव्हतं. मला तिथे झोप लागत नव्हती, मेल्या. इथे लागते."

"झोप?"

"हो. आडवी झाले की सकाळच होते."

ताट तसंच टाकून तो खाली उतरला. तेव्हापासून त्याची स्वतःची झोप गेली. दुपारी माझ्याकडे येऊन बाकावर बसायचा, डोळे लाल. म्हणायचा, "ती झोपली असेल आता. मेलेल्यासारखी झोपत असेल." मुलाने सांगितलं, वैद्याने सांगितलं, शेवटी मीही सांगितलं की होकार देऊन मोकळे व्हा. तो ऐकेना. "तिच्या डोक्यावर केस आहेत तोवर ती अर्धी माझी आहे."

वाघानंतर तीन वर्षांनी, सापाच्या वर्षी, थंडीत मुन आजारी पडली. पोटात गाठ होती. चिनी नववर्षाच्या आधीच ती गेली.

मी आणि बिंग तिच्या पाठाला वर गेलो. त्याने जायचं काही कारण नव्हतं. मला वाटतं, आता सगळं संपलं हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला तो गेला. पण तिथे लानफोंग होती. शवपेटीपाशी ती ज्या आवाजाने रडत होती तो माणसाचा वाटत नव्हता. भिक्खुणी पाठ म्हणत होत्या, मासोळीच्या आकाराच्या लाकडी वाद्यावर ठोके पडत होते, आणि मधूनच तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. दोघींनी धरून तिला बाहेर आणलं. केस सुटलेले, नाक वाहणारं. बिंग खांबाला टेकून बघत होता. त्याचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. राग नव्हता त्यात. इतकी वर्षं ज्या चोराच्या मागे धावलो तो खरंच होता, हे कळल्यावर माणसाचं जे होत असेल ते होतं.

"माझी आई गेली तेव्हा ती अशी रडली नव्हती," तो मला म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मी गेल्यावरही रडणार नाही."

थोरल्या भिक्खुणी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी लानफोंगकडे बघून मान हलवली. "आम्हाला वाटलं होतं ही लाल धुळीच्या बाहेर आली. ही तर गुडघ्यापर्यंत तिच्यातच उभी आहे." त्यांच्या बोलण्यात दोष नव्हता. आकाशात ढग आहेत तसं त्या म्हणाल्या.

बिंगने तेव्हा एक गोष्ट केली, ज्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. तो त्यांच्यापुढे गेला आणि म्हणाला, "माझी संमती आहे. तिला दीक्षा द्या. तिला तेच हवं होतं ना."

कुणीतरी ते लानफोंगला सांगितलं. ती पायरीवर बसलेली, ओल्या तोंडाने तिने वर बघितलं.

"आता नको," ती म्हणाली.

पाठांचे दिवस संपल्यावर ती गाठोडं घेऊन डोंगर उतरली. बिंगला आधी कळलं होतं. त्याने खोली झाडली, नवी चटई आणली, भट्टीला सुट्टी दिली. हिनच्या नव्या बायकोने गोड भाताचे गोळे केले. आणि लानफोंग त्याच्या दारावरून पुढे आली, माझ्या दुकानात शिरली आणि म्हणाली, "वहिनी, तुमच्या माळ्यावर जागा आहे का? झाडपूस करेन, मुळ्या निवडेन. वर आता झोप येत नाही. आणि तिथेही," तिने भिंतीकडे मान केली, "येणार नाही."

मी हो म्हटलं. विचार करायला वेळ घेतला असता तर कदाचित म्हटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत बिंग दारात.

"झोपली का?"

"झोपली."

"किती?"

"घोरत होती, बिंगदादा. मला कापूस घालावा लागला कानात."

तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी एक पाऊल मागे घेतलं. खाऱ्या माशांच्या दुकानदाराकडे तो तसा बघायचा. मुनकडे बघितलं असेल तसं. मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर माझे कान गरम झाले आणि मी मनात म्हटलं, बघा, माझाही कुणी हेवा करतं.

गंमत ओसरायला फार दिवस लागले नाहीत. तो आता रोज यायचा, पण काढा पिताना माझ्याशी धड बोलायचा नाही. लानफोंग मला आधी वाढते की त्याला, हे बघायचा. ती माझ्या केसांना तेल लावत असली तर खोकायचा. एकदा मी ताप येऊन पडले आणि तिने माझ्याजवळ बसून रात्र काढली, तर दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःला ताप आला, नसलेला. लानफोंगने त्याच्या कपाळाला हात लावला, म्हणाली, "थंड आहेस," आणि तरी अर्धा तास बसली. तो त्या अर्ध्या तासावर आठवडा काढायचा.

ती त्याच्या घरी परत गेली नाही. पण हळूहळू रात्रीचं जेवण तिघांचं व्हायला लागलं, माझ्या दुकानात, फळ्या लावून घेतल्यावर. तो माझ्यासाठी बदकाची मांडी आणायचा, कागदात बांधून. तिचा वाडगा वेगळाच राहिला. महिन्यातून एकदा मी बहिणीकडे जाते असं सांगून निघायचे आणि बंदरावर फिरून यायचे. परत आले की दोघं जिथे सोडली होती तिथेच बसलेली असायची, तो काहीतरी सांगतोय, ती शेंगा सोलतेय. मी बाहेर थोडी थांबायचे. तेव्हा माझ्या मनात काय यायचं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगण्यासारखं ते नव्हतंही.

हिनने दुकान हाती घेतलं त्यानंतर दोन हिवाळ्यांनी बिंगच्या फुप्फुसात पाणी झालं. सरकारी इस्पितळात लांब दालन, खाटेला खाट लागलेली. लानफोंग रोज सकाळी डबा घेऊन जायची आणि दिवे लागेपर्यंत बसायची. मी एक दिवसाआड जायचे. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या सुनेने एकदा विचारलं, "या तुमच्या कोण? बहीण?"

"बायको," बिंग म्हणाला. धाप लागलेली, तरी शब्द स्पष्ट.

पाळीवर एक तरुण परिचारिका असायची, गप्पिष्ट. तिला लानफोंगचा लळा लागला होता. औषध द्यायला आली की दोघी पाच-दहा मिनिटं बोलायच्या, आणि एके दिवशी त्या पोरीने काहीतरी सांगितलं नि लानफोंग तोंडाला पदरासारखी बाही लावून हसली. बिंगने उशीवरून मान वळवली. परिचारिकेच्या बाहीला धरून त्याने तिला खाली वाकवलं.

"पोरी," तो म्हणाला, "माझं औषध माझ्या हातात दे आणि जा. हिच्याशी एवढं बोलू नकोस. हिच्या ओळखी आधीच फार आहेत."

लानफोंगने त्याची रजई खांद्यापर्यंत ओढली. "झोप आता, मेल्या," ती म्हणाली, आणि स्टूल खाटेच्या आणखी जवळ सरकवून बसली.